फिरत्या घरांतील विजेची शिदोरी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटेल. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेल्या व पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत गणित-भूगोल शिकविलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकानें विजेच्या बॅटऱ्यांविषयीं बोलावें, हा त्याच्या अधिकाराबाहेरचा उद्योग नव्हे काय? आक्षेप मला मान्य आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत मी व माझ्या कुटुंबानें एक प्रसंग असा अनुभवला कीं, त्याच्या मुळाशीं काय होतें हें समजून घेतल्यावांचून मला चैन पडेना. जें समजलें तें येथें सांगणार आहे. मीं न तपासलेलें असें त्यांत कांहीं घातलेलें नाहीं.

माझी कन्या व जामात इंग्लंडांत लीड्स या शहरीं राहतात. २०२३ च्या ऑगस्टमध्यें आम्ही उभयतां सहा महिन्यांसाठीं त्यांच्याकडे गेलों. जामातांनीं एक जुनी मालवाहू मोटार विकत घेऊन, सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हातांनीं तिचें फिरतें घर बनविलेलें आहे. तिकडे अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आंत दोन बिछाने, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, एक लहानसा फ्रीज आणि डिझेलवर चालणारी ऊबयंत्रणा. आपल्याकडील बैलगाडीच्या यात्रेंत शिधा, अंथरूण-पांघरूण व कंदील बरोबर घेत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें कंदिलाच्या जागीं वीज आहे, आणि ती वीज शिदोरीसारखी बांधून न्यावी लागते.

ही शिदोरी म्हणजे घराची स्वतंत्र बॅटरी. गाडीचें इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी, व घराची वेगळी. नाहींतर रात्रीं दिवे जाळले कीं सकाळीं गाडी हलावयाची नाहीं. घराची बॅटरी तीन वाटांनीं भरते. गाडीच्या छपरावर दोनशें वॅटचें सोलर पॅनेल निजवून बसविलेलें आहे, तें उन्हांतून वीज देतें. गाडी चालू असतांना इंजिनावरील आल्टरनेटर देतो. आणि एखाद्या तळावर वीजजोडणी मिळाली तर तेथून चार्जरनें भरून घेतां येते. आम्ही गेलों तेव्हां ह्या घरांत शिशाच्या दोन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी ११० अँपियर-तासांच्या. वय वर्षें पांच.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघें स्कॉटलंडकडे निघालों. माझ्या सौभाग्यवतींना मधुमेह आहे व त्या दररोज इन्सुलिन घेतात. साताऱ्याहून तीन महिन्यांचा साठा आणला होता. तो लीड्सच्या घरांतील फ्रीजमध्यें ठेवून चार पेनें बरोबर घ्यावींत, असें कन्येनें सुचविलें. परंतु आपलें औषध दृष्टीआड होऊं द्यावयाचें नाहीं हा सौ.चा बाणा. सर्व साठा गाडींतील फ्रीजमध्यें आला.

ग्लेन्को नांवाच्या दरीजवळ, वीजजोडणी नसलेल्या एका साध्या तळावर आमचा मुक्काम पडला. दोन दिवस आकाश राखेच्या रंगाचें होतें व गाडी जागची हललेली नव्हती. दुसऱ्या रात्रीं पहाटे चारच्या सुमारास थंडीनें मला जाग आली. ऊबयंत्रणा बंद पडलेली. बटण दाबलें, ती क्षणभर घुरघुरली व पुन्हां गप्प झाली. ह्या यंत्रांत डिझेल पेटविण्यासाठीं आरंभीं एक तार तापवावी लागते, तिला पुष्कळ प्रवाह लागतो, आणि तो देण्याची ताकद बॅटऱ्यांत उरली नव्हती. मग सौ. उठून बसल्या व त्यांनीं फ्रीज उघडला. आंतला दिवा लागला नाहीं. अंधारांत त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, माझें औषध." त्या स्वरानें माझ्या पोटांत जो गोळा उठला, तो मी विसरणार नाहीं.

सकाळीं इंजिन मात्र सुरू झालें, व आम्ही पंचवीस-एक किलोमीटरवरील फोर्ट विल्यम येथें औषधविक्रेत्याकडे गेलों. त्या बाईंनीं शांतपणें सर्व ऐकून घेतलें. बाहेरचें हवामान थंड असल्यामुळें एका रात्रींत औषधाचें कांहीं बिघडलेलें नाहीं. वापरांत घेतलेलें बहुतेक इन्सुलिन तर सामान्य थंडाव्यांत सुमारें चार आठवडे टिकतें. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येंच राहिला पाहिजे, व तो गोठूं देतां कामा नये, असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे संकट टळलें होतें. पण तें थंड हवेमुळें टळलें, आमच्या बॅटऱ्यांमुळें नव्हे. हीच गोष्ट आपल्याकडील मे महिन्यांत घडती तर?

परत आल्यावर जामातांनीं त्या बॅटऱ्या पूर्ण भरून, ठराविक भार लावून मोजून पाहिल्या. दोहोंवर मिळून छापलेले अँपियर-तास २२०; प्रत्यक्षांत निघाले साठाहूनहि कमी. आमचा एका दिवसाचा खर्च फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप, ऊबयंत्रणेचा पंखा व चौघांचे दूरध्वनी मिळून पन्नासाच्या आसपास. हिशेब उघड होता. परंतु दोनशें वीसचे साठ कां झाले?

शिशाच्या बॅटरीचा जन्म १८५९ सालचा. गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें ती प्रथम तयार केली. गंधकाम्लांत एक पट्टी शिशाची व दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. वीज काढून घेतली कीं दोहोंवर शिशाचें सल्फेट बसतें, वीज भरली कीं तें पुन्हां सुटतें. दीडशें वर्षांहून अधिक काळ हा इमानी नोकर राबत आला आहे. पण त्याची एक अट आहे: दिवसाअखेर त्याचें पोट पूर्ण भरलें पाहिजे. अर्धपोटीं ठेवलें तर पट्ट्यांवरील सल्फेटाचे बारीक कण मोठे व कठीण होत जातात व मग ते सुटत नाहींत. तेवढा भाग बॅटरीला कायमचा गमावला. दुसरें असें कीं, ह्या बॅटरीचा शेवटचा पांचवा हिस्सा भरण्यास फार वेळ लागतो. जेवतांना शेवटचे चार घांस मुलें जसे घोळवीत बसतात, तसा तिचा प्रकार. कितीहि वीज देऊं केली तरी ती अखेरच्या टप्प्यांत थोडी थोडीच घेते. पांच-सहा तास सहज जातात.

आतां इतका वेळ ऊन तेथें कोठून आणावयाचें? भूगोलाचा शिक्षक म्हणून मीं तेथें बसल्या बसल्या गणित केलें. सातारा १७ अंश ४१ कला उत्तर अक्षांशावर. आपल्याकडे २२ डिसेंबरलासुद्धां माध्याह्नीं सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो. ग्लेन्को ५६ अंश ४० कलांवर. तेथें सप्टेंबरच्या २३ तारखेस तो जेमतेम ३३ अंश चढतो, आणि डिसेंबरांत तर १० अंशांपर्यंतच. निजविलेल्या पॅनेलावर इतकें तिरपें ऊन पडलें म्हणजे त्याचा मोठा हिस्सा वायां जातो, शिवाय ढग. तेव्हां उन्हाळ्याचे थोडे दिवस सोडले तर त्या बॅटऱ्यांचें पोट पांच वर्षांत क्वचितच पूर्ण भरलें असेल. त्या म्हाताऱ्या होऊन मेल्या नाहींत, उपासमारीनें मेल्या.

येथें मला ज्या गोष्टीचा विशेष उलगडा झाला ती सांगतों. लिथियमची बॅटरी घ्यावी असें जामातांच्या मनांत आलें, तेव्हां ती अधिक वीज साठविते म्हणून घ्यावी अशी माझी समजूत होती. विक्रेतेहि तेंच सांगतात. तें खोटें नाहीं: शिशाच्या बॅटरींतून छापील आंकड्याचा अर्धाच भाग काढावा, नाहींतर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, लिथियमच्या बॅटरींतून चार-पंचमांश सहज काढतां येतो, आणि असें साधारणतः दोन-तीन हजार वेळां करतां येतें. वजनहि कमी. आमच्या दोन जुन्या बॅटऱ्या मिळून पन्नास किलोंच्या वर, त्यांच्या जागीं आलेली २०० अँपियर-तासांची एक नवी बॅटरी बावीस किलोंची. पण खरें मर्म ह्यांत नाहीं. खरें मर्म असें कीं, लिथियमच्या बॅटरीला अर्धपोटीं राहण्याचें दुःख नाहीं. चाळीस टक्क्यांवर आठ दिवस पडून राहिली तरी तिला कांहीं होत नाहीं; उलट सदैव तुडुंब भरून ठेवणेंच तिला फारसें मानवत नाहीं. आणि मिळेल तेवढी वीज ती शेवटपर्यंत भराभर घेते. ढगांतून दहा मिनिटें ऊन पडलें, तर त्या दहा मिनिटांचें तिनें बहुतेक सारें गांठीं बांधलें म्हणून समजावें. ज्या देशांत ऊन असें भिक्षेसारखें मिळतें, तेथें हा गुण सोन्याच्या मोलाचा.

सौ.चा मात्र विरोध. बिछान्याखालीं लिथियम ठेवून त्यावर निजावयाचें, हें त्यांना पटेना. दूरध्वनीच्या व दुचाकींच्या बॅटऱ्या पेटल्याच्या बातम्या त्यांनीं वाचल्या होत्या, व ती भीति वेडगळ नव्हती. म्हणून मीं त्याचाहि शोध घेतला. लिथियमच्या बॅटऱ्या अनेक जातींच्या असतात. १९९१ सालीं जी प्रथम बाजारांत आली ती कोबाल्टची. फिरत्या घरांत वापरतात ती लोह व फॉस्फेट यांची. टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत ह्या पदार्थाचा गुण उजेडांत आला, व १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर गुडइनफ यांच्यासह अक्षय पाढी व नंजुंडस्वामी ह्या दोन भारतीय संशोधकांचीं नांवें आहेत. पाढी यांचें नांव तर पहिलें आहे. गुडइनफ यांना पुढें २०१९ सालीं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षीं, रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. ह्या पदार्थांत प्राणवायू फॉस्फरसशीं इतका घट्ट बांधलेला असतो कीं, बॅटरी तापली तरी तो सहजासहजीं सुटून आगीला मिळत नाहीं. ती कधींच पेटणार नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण कोबाल्टवाल्या बहिणीपेक्षां ही पुष्कळच थंड डोक्याची. सौ.ना दोन भारतीय नांवांमुळें धीर आला कीं प्राणवायूच्या गोष्टीमुळें, हें मला कळलेलें नाहीं. त्यांनीं होकार दिला.

नवी बॅटरी आली. तिच्या खोक्यावर लिहिलेलें होतें कीं जुनी काढावी व तिच्याच जागीं ही बसवावी. दुसरें कांहीं करावें लागत नाहीं. ह्या एका वाक्यानें आम्हांला केवढ्या खड्ड्यांत घातलें असतें! जामातांनीं त्याप्रमाणें बॅटरी बसविली, व दिव्यांचा लखलखाट पाहून आम्ही सारे खूष झालों. संध्याकाळीं गाडी घेऊन गांवांत निघालों. रस्त्यांत वाहनांची दाटी. गाडी जागच्या जागीं उभी, इंजिन मंदगतीनें चालू. वीस-पंचवीस मिनिटांनीं तापलेल्या वार्निशासारखा उग्र वास येऊं लागला. जामातांनीं प्रवाहमापक पाहिला. काटा सत्तर अँपियरच्या पुढें. त्यांनीं तत्काळ गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलें. झांकण उघडलें तों आल्टरनेटरजवळ हात नेववेना.

कारण असें. शिशाच्या बॅटरीच्या अंगांतच एक अडथळा असतो; ती थोडी भरली कीं आपण होऊन हात आंखडता घेते. आल्टरनेटरला तिची ती मर्यादा ठाऊक, व जुनी जोडणी त्याच भरंवशावर केलेली. नव्या बॅटरीचा आंतला अडथळा फार कमी. ती देईल तेवढें घेते, व बराच वेळ घेतच राहते. इंजिन मंद चालतें तेव्हां आल्टरनेटरचा स्वतःचा पंखाहि मंद फिरतो; म्हणजे काम सर्वांत अधिक आणि वारा सर्वांत कमी. अजून अर्धा तास तसेच उभे राहिलों असतों तर आल्टरनेटर जळाला असता. दुसरा धोका तर ह्याहून फसवा. लिथियमच्या बॅटरींत तिच्या रक्षणासाठीं एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. तिला बीएमएस म्हणतात. आपण द्वारपाल म्हणूं. दाब फार वाढला, फार घटला, उष्णता वाढली, कीं हा द्वारपाल दार धाडकन बंद करतो. आल्टरनेटर जोरानें वीज देत असतांना दार असें अकस्मात् बंद झालें, तर त्या विजेला जावयास वाट उरत नाहीं; दाब क्षणांत उसळतो आणि आल्टरनेटरमधील नाजुक भाग जाऊं शकतात.

ह्यावर उपाय म्हणजे दोहोंच्या मध्यें एक डीसी-डीसी चार्जर बसवावयाचा. तो इंजिनाकडून ठरलेली, आमच्या गाडींत तीस अँपियर, वीज घेतो व घराच्या बॅटरीला तिच्या रीतीनें देतो. जुना जोड-रिले काढून टाकला. मग एकेक दोष दिसूं लागला. सोलर पॅनेलाचा नियंत्रक अधूनमधून दाब मुद्दाम वाढवीत असे, कारण शिशाच्या पट्ट्या झाडून घेण्यास तें चांगलें. लिथियमला तें घातक. ती सोय बंद केली, व थंडी पडली कीं दाब वाढविण्याची त्याची दुसरी संवयहि. तळावरील विजेचा जुना चार्जर सल्फेट फोडण्यासाठीं आपोआप झटके देई, तें बंद करण्याची सोयच त्यांत नव्हती; तो बदलला. बॅटरीजवळचा फ्यूजहि बदलावा लागला, कारण तारा एकमेकींस चिकटल्या तर ही बॅटरी हजारों अँपियर ओतूं शकते, आणि साधा फ्यूज वितळला तरी त्यांतील ठिणगी विझेल याची खात्री नसते. फ्यूज बॅटरीच्या टोकाला जितका जवळ तितका बरा. मधल्या तारेला कोणी राखणदार नसतो.

सांगावयाचा मुद्दा हा कीं, त्या गाडींतील प्रत्येक यंत्र शिशाच्या स्वभावाला सरावलेलें होतें. मी वर्गांतील दोन मुलांची आठवण देतों. एकजण चुकूं लागला कीं आधीं अक्षर बिघडे, मग गृहपाठ राही, मग डोळे खालीं जात. शिक्षकाला आठ दिवस आधींच कळे. दुसरा परीक्षेच्या दिवसापर्यंत हंसतमुख असे, आणि उत्तरपत्रिका कोरी देई. शिशाची बॅटरी पहिल्या जातीची. तिचा दाब पूर्ण भरल्यावर १२.७ व्होल्ट, अर्धी राहिली कीं १२.२ च्या आसपास; दिवे मंद होतात, पंख्याचा आवाज बदलतो. लिथियमची बॅटरी नव्वद टक्क्यांवर असो वा तीस टक्क्यांवर, दाब १३ व्होल्टांच्या थोडा वरच घुटमळतो. दिवे तितकेच तेजस्वी, आणि मग एकाएकीं द्वारपाल दार लावतो, सारा अंधार. म्हणून दाब मोजून तिची परीक्षा होत नाहीं. आंत किती गेलें व बाहेर किती आलें ह्याची वाण्याच्या वहीसारखी नोंद ठेवणारा मापक लागतो. तो बसविल्यावर रोज संध्याकाळीं जमाखर्च वाचण्याचें काम मीं आपण होऊन पतकरलें.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही पुन्हां उत्तरेकडे निघालों. सौ.ना बर्फ पाहावयाचा होता. ह्या खेपेस इन्सुलिनचीं दोनच पेनें बरोबर होतीं. त्या आठवड्यांत स्कॉटलंडांत कडाक्याची थंडी पडली. पहिल्या रात्रीं पिटलॉक्री येथें मुक्काम, दुसऱ्या दिवशीं ड्रमॉक्टरची खिंड ओलांडून अविमोर. केर्नगॉर्म डोंगरांवर बर्फ पडलें होतें, व सौ.नीं तें हातांत घेऊन पाहिलें. त्याचें वर्णन करण्यास त्याच अधिक योग्य आहेत.

संध्याकाळीं मीं वही वाचावयास बसलों तर जमेच्या बाजूस शून्य. पॅनेलाकडून मला फारशी आशा नव्हतीच, कारण तेथें त्या दिवसांत माध्याह्नीचा सूर्य १२ अंशांवर असतो आणि पावणेचारला दिवस मावळतो. जामातांच्या नोंदींत ऐन थंडींत दिवसाला चार-पांच अँपियर-तासांवर उत्पन्न कधीं गेलेलें नव्हतें. पण सकाळीं दीड तास गाडी चालली होती. तीस अँपियरप्रमाणें चाळीसाच्या वर जमा व्हावयास हवी होती. जामात तारा तपासूं लागले. सर्व तारा ठीक. शिल्लक पंचेचाळीस टक्के, बाहेर उणें सहा अंश, व रात्रभर ऊबयंत्रणा चालावयाची. मला ग्लेन्कोची पहाट आठवली, आणि सौ.लाहि आठवली असावी, कारण त्यांनीं पेनें न बोलतां आपल्या झोळींत घेतलीं.

तेव्हां मला माहितीपत्रकांतील एक ओळ आठवली: शून्य अंशाखालीं भरूं नये. बॅटरी आम्ही मागच्या दाराजवळच्या खणांत ठेवली होती. तो खण बाहेरच्या पत्र्याला लागून. दोन रात्रींच्या गारठ्यानें ती आंतपर्यंत थिजली होती. बीएमएसशीं जोडलेल्या दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिलें: आंतील उष्णतामान उणें एक. द्वारपालानें आंत येण्याचें दार बंद केलें होतें, बाहेर जाण्याचें उघडें होतें. थंडींत वीज काढून घेतली तरी चालते. भरणें मात्र चालत नाहीं. गोठणाऱ्या थंडींत भरूं लागल्यास लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत शिरूं शकत नाहींत व त्याच्या पृष्ठावर धातूच्या रूपानें साचूं लागतात. तें नुकसान भरून येत नाहीं, आणि पुढें आंतल्या आंत दोन टोकें जोडली जाण्याचें भय राहतें. म्हणजे द्वारपाल आमचा वैरी नव्हता. आम्ही त्याला शिव्या घालीत होतों, आणि तो आपलें काम करीत होता.

आम्ही ऊबयंत्रणा लावली, खणाचें झांकण काढलें व गरम हवेची नळी तिकडे वळवून बॅटरीवर एक घोंगडी अशी टाकली कीं हवा आंत कोंडावी. आजारी माणसाची शुश्रूषा करावी तसे आम्ही रात्रीं दहापर्यंत बसलों होतों. बावीस किलोंचा ठोकळा लवकर तापत नाहीं. सकाळीं आंत सात अंश झाले होते. इंजिन सुरू करतांच मापकावर अठ्ठावीस अँपियर जमा दिसूं लागले, व सौ.नीं चहाचें आधण ठेवलें. लीड्सला परतल्यावर बॅटरी बिछान्याखालीं, घराच्या उबेंत हलविली. कांहीं बॅटऱ्यांत तापविण्याची गादी मुळांतच असते; ज्यांना थंड प्रदेशांत हिंवाळ्यांत हिंडावयाचें आहे त्यांनीं तिचे थोडे अधिक पैसे द्यावेत असें माझें मत झालें आहे.

मग प्रत्येकानें शिसें टाकून लिथियम घ्यावें काय? मी तसें म्हणणार नाहीं. ज्याची गाडी उन्हाळ्यांत चार वेळां निघते व रोज वीजजोडणीच्या तळावर उतरते, त्याच्या शिशाच्या बॅटरीचें पोट रोज भरतें. त्यानें एवढा खर्च कां करावा? आणि खर्च बॅटरीचा नुसता नव्हे. आमच्या जामातांना बॅटरीस जेवढे पडले, जवळ जवळ तेवढेच चार्जर, मापक, फ्यूज व तारा यांस पडले. साताऱ्यास माझ्या घरीं भारनियमनाच्या काळांत घेतलेला इन्व्हर्टर आहे, त्याची तिसरी बॅटरी आतां चालू आहे, तीहि शिशाचीच. ती जागची हलत नाहीं, म्हणून वजनाचा प्रश्न नाहीं. वीज बहुधा असते, म्हणून सदा भरलेली असते. दर दोन-तीन महिन्यांनीं मी तींत डिस्टिल्ड वॉटर घालतों. ती बदलण्याचा माझा विचार नाहीं. वाटेल तेव्हां ऊन मिळणार नाहीं अशा ठिकाणीं, वजन सोसत नाहीं अशा वाहनांत, व ज्यांच्या घरीं औषधासारखी वस्तु विजेवर अवलंबून आहे त्यांच्यासाठीं लिथियम, असा माझा हिशेब आहे. आणि तेंहि सर्व जोडणी बदलण्याची तयारी असेल तरच.

त्या दोन जुन्या बॅटऱ्यांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. त्या कचऱ्यांत टाकतां येत नाहींत. शिसें जवळ जवळ सारें परत मिळवितां येतें, म्हणून भंगारवाले वजनावर पैसे देतात. आपल्याकडेहि देतात, पण त्यांतील कित्येक ठिकाणीं बॅटऱ्या उघड्या अंगणांत फोडून शिसें चुलीवर वितळवितात, आणि तो धूर व ती माती मुलांच्या पोटांत जाते. जगांतील सुमारें दर तीन मुलांपैकीं एकाच्या रक्तांत चिंताजनक प्रमाणांत शिसें आहे, असें युनिसेफ व प्युअर अर्थ ह्या संस्थांच्या २०२० च्या अहवालांत म्हटलें आहे, व त्याच्या कारणांत बॅटऱ्यांची ही अशास्त्रीय मोडतोड प्रमुख आहे. मुलांत आयुष्य घालविलेल्या माणसाला तें वाचून स्वस्थ बसवत नाहीं. आमच्याकडे बॅटरी परत घेण्याची जबाबदारी नियमानें उत्पादकांवर टाकलेली आहे. तेव्हां जुनी बॅटरी विक्रेत्याला परत देऊन पावती घ्यावी, दोन पैसे अधिक देणाऱ्या फेरीवाल्याला देऊं नये.

लीड्सच्या भंगारवाल्याच्या कांट्यावर त्या दोन्ही मिळून त्रेपन्न किलो भरल्या. आलेले पैसे जामातांनीं सौ.च्या हातीं दिले. त्यांतून त्यांनीं इन्सुलिन ठेवण्याची एक कापडी पिशवी घेतली. ती पांच-दहा मिनिटें पाण्यांत भिजवून ठेवली म्हणजे बाष्पीभवनानें, आपल्या माठासारखी, कित्येक तास थंड राहते. तिला बॅटरी लागत नाहीं.